पट्टा बराबर हाय

ज्यांनी मला मशीन चालवायला शिकवलं, त्यांच्या पाया पडून मी एकदा माफी मागितली होती. माझा उजवा हात तेव्हा गळ्यात अडकवलेला होता, म्हणून डाव्याच हातानं त्यांच्या पायांना शिवलो. मिस्त्रींनी मला खांद्याला धरून उठवलं, पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "होतं असं, लेका. मनाला लावून घेऊ नको." मला रडू आलं. काकूंनी चहा आणला, तो मी डाव्या हातानं सांडत सांडत प्यालो आणि हलक्या मनानं घरी आलो.

माफी मागण्यासारखं मी काहीच केलं नव्हतं. ते मला पुढं सहा महिन्यांनी कळलं. मिस्त्रींना ते त्या दिवशीही माहीत होतं.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. वडिलांनी शेवटची मेंढरं विकली तेव्हा मी बारावी नापास होऊन घरी बसलेलो. भोकरदनच्या एका आरा मशीनवर ओंडके उतरवायला आणि भुसा भरायला माणूस पाहिजे होता, तिथं लागलो. लाकूड आमच्याकडं चुलीत घालण्यापुरतं. सागाची फळी कोणती आणि बाभळीची कोणती, हेही मला कळत नव्हतं. मिस्त्री मात्र सुतारघरातले. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कानावर कायम पेन्सिल. मशीनला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. भुसा भरता भरता मी त्यांच्याकडं बघत राहायचो. दोन वर्षांनी एकदा त्यांनीच विचारलं, "नुसतं बघून काय राह्यला? शिकायचं का?"

मालक म्हणाले होते, "मिस्त्री, ह्याच्या बापानं मेंढरं राखली. ह्याला काय जमणार?" मिस्त्री म्हणाले, "मेंढरं राखणाराची नजर बारीक असती. मला तसाच पाह्यजे." हे वाक्य मी घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं. दोन दिवसांनी वडील भोकरदनला आले आणि मशीनच्या दारात उभे राहून मिस्त्रींना हात जोडून गेले.

आमचा बँडसॉ मोठा होता. खाली एक चाक, वर एक चाक, दोन्ही जवळजवळ माझ्या छातीएवढी, आणि दोघांवरून फिरणारा दातेरी पोलादी पट्टा. ब्लेड म्हणा, आम्ही पट्टाच म्हणायचो. तो टेबलाच्या फटीतून वरून खाली धावतो आणि आपण लाकूड त्याच्यावर सारायचं. दिसायला सोपं. पहिले तीन महिने मिस्त्रींनी मला चालू मशीनजवळ येऊच दिलं नाही. बंद मशीनवर शिकवायचे. गार्ड, म्हणजे पट्ट्यावरचं सरकतं झाकण, लाकडाच्या वर बोटभर राहील इतका खाली घे, त्याच्याहून जास्त पट्टा उघडा ठेवायचा नाही. बोटं पट्ट्याच्या रेषेत आणायची नाहीत, शेवटचा तुकडा काठीनंच ढकलायचा. चालू मशीनवर लाकूड मागं ओढायचं नाही, पट्टा चाकावरून उतरतो. मशीनच्या उजव्या अंगाला कुणाला उभं राहू द्यायचं नाही, कारण पट्टा तुटला तर बहुतेक तिकडंच येतो. बाह्या वर, मफलर नाही, हातमोजे नाहीत.

"पण पट्टा बदलताना तर तुम्ही हातमोजे घालता," मी म्हणालो होतो.

"तवा पट्टा उभा असतो. कापताना मोजा दात्यात गुतला की मोज्यासंगं हात जातो. बदलताना मोजा नसंल तर दाते हाताला लागतेत. दोन येगळी कामं हायत ती."

पट्टा बदलायला शिकायला मला त्याहून जास्त दिवस लागले. आधी मेन स्विच बंद. नुसतं बटण दाबून भागत नाही. फ्यूज काढून ते मिस्त्री स्वतःच्या खिशात ठेवायचे. चाकं पूर्ण थांबेपर्यंत दाराला हात नाही. मग दोन्ही दारं उघडायची, वरचं हँडल फिरवून ताण सैल करायचा, आणि पट्टा दोन्ही हातांनी चाकांवरून सावकाश पुढं घ्यायचा. त्याची गुंडाळी करताना एका बाजूवर पाय ठेवून मनगटं आत वळवली की तो तीन वेटोळ्यांत बसतो. चुकलं तर तोंडावर उसळतो. नवा चढवताना दाते टेबलाकडं, खालच्या दिशेला. ताण द्यायचा, चाक हातानं फिरवून पट्टा मधोमध चालतो का पाहायचं, नसेल तर वरचं चाक जरासं कलवायचं. पट्ट्याला सरळ धरणारे गाईड आणि गार्ड पुन्हा जागेवर. दारं बंद. मगच फ्यूज.

पट्टा रोज तपासणं हा सगळ्यात मोठा नेम. मशीन सुरू करण्याआधी चाक हातानं फिरवत, बॅटरीच्या उजेडात, दात्यांच्या मधल्या खाचा एकेक बघायच्या. भेग पडली तर तिथूनच पडते. मिस्त्री सांगायचे, "केसाएवढी भेग दिसली तरी पट्टा खाली. उद्या न्हाई, दुपारून न्हाई, तवाच."

भेगेच्या टोकाला पंच मारतात, तेही त्यांनीच दाखवलं होतं. पंच म्हणजे टोकदार पोलादी खिळा, त्यावर हातोडीचा एक ठोका, की पट्ट्यात बारीक खड्डा पडतो. भेग त्या खड्ड्यापाशी काही वेळ थांबते. "हे दुसरा पट्टा येईस्तोर तग धरायचं काम हाय," ते म्हणाले. "माझ्या बापाच्या टायमाला करायचे. आपण करायचं न्हाई." पंच त्यांच्याच पेटीत असायचा. पेटीला कुलूप असायचं.

सात वर्षं मी त्यांच्याबरोबर काम केलं. शेवटची चार वर्षं निम्मं मशीन मीच चालवत होतो.

त्या दिवशी राजूरच्या एका दुकानदाराचे चौरंग करायचे होते. पुढच्या मंगळवारी अंगारकी, राजूरच्या गणपतीच्या मंदिराभोवती पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि दुकानदाराला त्याआधी माल पाहिजे होता. सकाळपासून मिस्त्री मशीनवर आणि मी रंद्यावर. अकराच्या सुमारास त्यांनी मशीन बंद केलं, तोंड धुतलं, पिशवीतून इस्त्रीचा सदरा काढला. मुलीची सोयरिक जमत होती, बोलणी करायला तीर्थपुरीला जायचं होतं. मला म्हणाले, "आता तू घे. चौरंगाचे पाय कापायचे राह्यले तेवढे काप."

मी मशीन चालू केलं, रिकामंच. पट्टा फिरायला लागला तसा एक बारीक आवाज कानावर आला. टिक. टिक. टिक. दर फेऱ्याला एकदा.

"मिस्त्री, टिकटिक येऊन राह्यली."

ते दारापर्यंत गेले होते. वळले. मला आजही त्यांचा चेहरा समोर दिसतो, पण तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. म्हणाले, "जोडाची हाय. पट्टा बराबर हाय, सकाळीच पाह्यला मी."

पट्ट्याची दोन टोकं जिथं जोडलेली असतात तिथं थोडा जाडसरपणा राहिला तर असा आवाज येतो, हे खरं आहे. तरी नेमाप्रमाणं मी मशीन बंद करून चाक हातानं फिरवून बघायला पाहिजे होतं. माझी चूक असेल तर एवढीच. पण मिस्त्रींनी 'पाह्यला' म्हटल्यावर पुन्हा बघायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. ते गेले. मी गार्ड खाली घेतला आणि कापायला लागलो.

सातवा की आठवा पाय होता. मोठा आवाज झाला, पत्र्यावर दगड पडावा तसा. मी मागं सरलो आणि बटणाकडं हात नेला, तर हातानं बटण दाबलंच जाईना. खाली बघितलं तेव्हा मनगटाच्या वरून रक्त येत होतं. दुखत नव्हतं. पट्टा टेबलावर येऊन लोंबकळत होता आणि चाकं अजून फिरत होती. रंद्यावर माझ्या जागी आलेल्या माणसानं धावत येऊन मेन स्विच पाडला.

जालन्याला नेलं. मनगटाच्या शिरा जोडल्या, हात वाचला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र तेव्हापासून पूर्ण सरळ होत नाहीत. दवाखान्याचा खर्च मालकांनी केला, ते नाकारत नाही. तिसऱ्या दिवशी ते भेटायला आले आणि खुर्चीवर बसून म्हणाले, "मिस्त्री म्हणत होते, चौरंगाच्या पायाला वळण घेताना तू रेटलं. रुंद पट्ट्यावर एवढं बारीक वळण घेत असतेत का? सात वर्षं झाली तुला."

मी म्हणालो, "मी रेटलं नव्हतं."

"मंग पट्टा उगंच तुटला?"

मिस्त्री म्हणतात म्हणजे तसं असणार. रुंद पट्ट्यावर बारीक वळण घेतलं तर तो पिळला जाऊन तुटतो, हे मला त्यांनीच शिकवलेलं. पलंगावर पडून मी ते आठ पाय पुन्हा पुन्हा कापत होतो. पाचव्या दिवशी मला आठवायला लागलं की मी शेवटच्या वळणावर खरंच जोर दिला होता. लाकडाला गाठ होती, ती लवकर पार करायची म्हणून. मला ती गाठसुद्धा दिसायला लागली. तशी गाठ होती का, हे मला आता सांगता येणार नाही. बायकोला मी सांगितलं, माझंच चुकलं. वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, "मंग त्या माणसाला जाऊन भेट. त्यानं तुला शिकवलं, त्याच्या नावाला बट्टा लागला."

म्हणून मी गेलो होतो पाया पडायला.

साडेचार महिन्यांनी कामावर परतलो. मशीनवर नाही. फळ्या मोजायच्या, गिऱ्हाइकाशी बोलायचं, बाहेरची कामं करायची. मिस्त्री माझ्याशी पहिल्यापेक्षा जास्त गोड वागत होते. डब्यातलं जास्तीचं मला वाढायचे. मला वाटायचं, केवढं मोठं मन.

दीडेक महिन्यानं मालकांनी चार तुटलेले पट्टे जोडून आणायला मला जालन्याला पाठवलं. पट्टे जोडणारा म्हातारा कारागीर, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्याचं छोटं दुकान. तीन पट्टे त्यानं बाजूला ठेवले. चौथा उलगडला, त्याचं तुटलेलं टोक चष्म्याजवळ धरलं, कापडानं पुसलं आणि माझ्याकडं रागानं बघितलं.

"हा कुणी चालवला?"

मी ओळखला तो पट्टा. म्हणालो, "मी."

"पंच मारला ते बराबर केलं. मंग चालवला कामून?"

मला समजेना. त्यानं मला जवळ बोलावलं, टोक बोटावर आडवं धरून दाखवलं. तुटलेल्या कडेचा दात्याकडचा भाग काळा पडलेला होता, राळेनं भरलेला. पुढचा भाग मात्र चकचकीत. "इथवर जुनी भेग हाय, ही बघ काळी. हिथून पुढं ताजं तुटलं." आणि काळं जिथं संपत होतं तिथं, कडेला, अर्धा गोल खड्डा. दुसऱ्या टोकाला दुसरा अर्धा. त्यानं दोन्ही टोकं जुळवली तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढा एक गोल तयार झाला.

"भेग दिसली, पंच मारला, अन् तरी बी पट्टा उतरवला न्हाई," तो म्हणाला. "हात दाखव." मी दाखवला. त्यानं माझी दोन बोटं बघितली आणि पट्टे कापायची कातर उचलली.

जोडण्याआधी त्याला ती टोकं सरळ कापावी लागत होती. कापलेले दोन तुकडे मी मागून घेतले आणि कागदात बांधून खिशात घातले. परतीच्या बसमध्ये मला बसायला जागा मिळाली तरी मी राजूरच्या फाट्यापर्यंत उभाच होतो. कुणीतरी सांगितलं तेव्हा बसलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या घरी गेलो. काकू रानात गेल्या होत्या, ते ओट्यावर बसून कानशीला मूठ बसवत होते. मी कागद उघडून दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते हातात घेतले नाहीत. त्यांना बघायची गरजच नव्हती.

"मला वाटलं संध्याकाळपस्तोर निघंल," ते म्हणाले. "नऊ वाजता दिसली भेग. पट्टा बदलायचा म्हन्लं तर तासभर गेला असता. तिकडं पाव्हणे खोळंबलेले."

"मला सांगायचं. मी बदलला असता."

"तुला सांगितलं असतं तर मालकाला कळलं असतं, की सकाळधरनं मी फाटका पट्टा चालवून राह्यलो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. टिकटिक येती म्हणून."

त्यांनी कानस उचलून मूठ ओट्यावर ठोकली.

"अन् मालकाला माझं नाव सांगितलं?"

"सोयरिक जमत होती. कामावरून काढलं असतं तर पोरीच्या सासरच्यांना काय सांगायचं होतं?" मग म्हणाले, "तुझं वय हाय. तू उभा राहशील."

मी त्यांना शेवटचं विचारलं, ते मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून निघालंच. "मिस्त्री, मी पाया पडाया आल्तो तवा तरी सांगायचं होतं. कामून पडू दिलं?"

ते कानशीची मूठ फिरवत राहिले. वाट बघून मी उठलो. मी फाटकाबाहेर आलो तरी त्यांनी मान वर केली नव्हती.

मी मालकांकडं गेलो. तुकडे टेबलावर ठेवले, सगळं सांगितलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले, आणि मला दिसलं की त्यांना पटलं आहे. मग त्यांनी कागद पुन्हा गुंडाळला आणि माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "खरं असंल. पण मिस्त्रीला काढलं तर मशीन कोण चालवणार? तू?"

मी त्याच आठवड्यात काम सोडलं.

राग मला तेव्हापासून आजपर्यंत आहे, तो कमी झाला असं मी म्हणणार नाही. हाताचा नाही. यंत्रावर काम करणाऱ्याला हाताचा धोका माहीत असतो. त्यांनी माझ्या आठवणीत एक चूक घुसवली आणि मी ती खरी मानून सहा महिने जगलो, ह्याचा राग आहे. लाकडातली ती गाठ अजून कधीकधी माझ्या डोळ्यांपुढं येते. गंमत अशी की त्यांच्याविषयी बोलताना आजही मला 'तो' म्हणता येत नाही.

मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी पाठवली. मी गेलो नाही, वडील गेले. त्यांना मी सगळं सांगितलं होतं, तरी गेले. म्हणाले, "पोरीचा काय गुन्हा?" मला ते आवडलं नाही. पुढं एकदा भोकरदनच्या बसस्टँडवर मिस्त्री समोरासमोर आले. "हात कसा हाय?" त्यांनी विचारलं. "बरा हाय," मी म्हणालो. दोघांच्याही बस उशिरानं आल्या. तेवढा वेळ आम्ही एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून होतो.

आता राजूर रोडला माझं स्वतःचं पत्र्याचं शेड आहे. छोटा बँडसॉ, जुना घेतलेला. चौरंग, पाट, देव्हारे करतो. लाकूड सारायला उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा पुरतात, पण पट्टा बदलताना पकड कमी पडते, म्हणून बायको मदतीला येते. तिला मी सगळं तसंच शिकवलं, जसं मला शिकवलं होतं. शिकवणं खोटं नव्हतं. आता फ्यूज ती काढते आणि पदराच्या गाठीत बांधते. गुंडाळी तर माझ्यापेक्षा चांगली करते.

गेल्या महिन्यात मी बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत होतो, तेवढ्यात तिनं नवा चढवायचा पट्टा उजेडात धरून सगळा तपासला. मी आत आलो तेव्हा म्हणाली, "पाह्यला मी. कुठं काय न्हाई."

मी हातमोजे घातले, पट्टा उचलला आणि पहिल्या दात्यापासून पुन्हा बघायला लागलो.

ती म्हणाली, "अहो, माझ्यावर बी भरोसा न्हाई का?"

मी म्हणालो, "तसं न्हाई." पण माझी बोटं थांबली नाहीत, आणि ते तिला दिसत होतं. तिनं स्वतःचे मोजे काढले, टेबलावर ठेवले आणि घरी निघून गेली. पट्टा मी एकट्यानं चढवायचा प्रयत्न केला, दोनदा चाकावरून सुटला.

संध्याकाळी घरी तिला सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. तिला ते सगळं आधीच माहीत होतं, त्यामुळं सांगण्यासारखं काही सापडलं नाही. भाकरी वाढताना ती म्हणाली, "उद्या येते मी. पण तुम्हाला पुन्हा बघायचंच असंल तर माझ्या म्होरं बघू नका. मी चहा ठेवायला जाते, तवा बघा."

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टा तपासला आणि चहा ठेवायला गेली. मी पट्टा हातात घेऊन उभा राहिलो. पहिले दहा-बारा दाते न बघता सोडले. तेराव्यापासून बघितलेच.